अठरावं नाव

अल्फारेटा, ५ ऑक्टोबर २०२५

ती. उपासना मावशीस,
सविनय जयभीम.

फोनवर सांगताना रडले असते, म्हणून लिहितेय. मी नर्स आहे त्या सीनियर होममध्ये एलेनी नावाच्या नव्वदीच्या ग्रीक आजी आहेत. त्या आठ वर्षांच्या असताना जर्मन सैनिक त्यांच्या डोंगरातल्या गावात शिरले. पुरुषांना आणि मोठ्या मुलांना शाळेच्या भिंतीपाशी उभं करून गोळ्या घातल्या, घरं पेटवली. बायकामुलांना चर्चच्या अंगणात बसवलं होतं. आजींनी तिथून सगळं पाहिलं.

परवा ड्रेसिंग करताना त्या मेलेल्यांची नावं सांगायला लागल्या, मला म्हणाल्या लिहून घे. ग्रीक नावांचं स्पेलिंग मला कुठलं येणार? सरळ मराठीत लिहिली. सतरा झाली. अठरावं सांगताना थांबतात.

पण त्यांच्या मुलाने, पानोसनी, हा विषय काढायचा नाही अशी सक्त ताकीद दिलीय. आईचं बीपी वाढतं म्हणे. मॅनेजरला कळलं तर माझी नोकरी जाईल. आणि कागद फाडायला हात होत नाही. काय करू?

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
संघमित्रा

फ्रिस्को, १२ ऑक्टोबर २०२५

चि. मित्रास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांच्या नादाने तुझंही अक्षर बिघडलंय बाई. चष्मा दोनदा पुसला.

कागद मुळीच फाडू नकोस. आपली वस्ती जाळली तेव्हा तुझी आजी जबानी द्यायला तीनदा चौकीवर गेली होती. हवालदाराने तिन्ही वेळा पेन खिशातच ठेवलं. घर गेल्याचं दुःख तिने गिळलं, हे मात्र तिला मरेपर्यंत गिळता आलं नाही.

पण चोरून काही करू नकोस. त्या मुलाला स्वतः सांग. रागावला तर रागावू दे. नोकरी गेली तर इकडे ये. काकांच्या हातचं पिठलं खावं लागेल, तेवढं सोस.

वेळेवर जेवत जा, आणि लवकर कळव.
तुझी मावशी

अल्फारेटा, १९ ऑक्टोबर २०२५

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

सांगितलं. पानोस भयंकर चिडले. कागद मागितला, मी दिला. उलटा केला, सुलटा केला, एक अक्षर लागेना. आजी त्यांना म्हणाल्या, तिलाच वाचावं लागेल, तू बस.

मी वाचायला लागले. माझे उच्चार चुकत होते, आजी दुरुस्त करत होत्या. सतरा नावं झाली. मग अठरावं त्यांनी स्वतःच सांगितलं. पानोस.

तो त्यांचा भाऊ गं, तेरा वर्षांचा. माळ्यावर लपला होता. सगळ्यांना चर्चकडे नेण्याआधी, घरात अजून कोण आहे, असं सैनिकाने आजींना खुणेने विचारलं. त्या बोलल्या नाहीत, पण त्यांची नजर वर गेली. सैनिकाने ती पाहिली. ज्या मुलाला त्या जन्मभर भावाच्या नावाने हाक मारत आल्या, त्यालाही हे कधी सांगितलं नव्हतं.

आता पानोस आईला काय बोलतात, याची मला भीती वाटली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आजींचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आई, तू आठ वर्षांची होतीस."

काकांना जयभीम सांग. तुझी माया अशीच राहू दे.
मित्रा