उत्तरेला उशी

ओनोमिची,
८ ऑक्टोबर १९८६

चि. चिझुरुस फुसाएआत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर जलद टपालाची खूण बघून घाबरू नकोस. घाबरायचं तेवढं मी आधीच घाबरून घेतलं आहे. फोनच करणार होते, पण माझं कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्ट्या मारतं. मग मी ओरडते, तू रडतेस आणि कुणालाच काही कळत नाही.

तुझ्या सासूबाईंचं कमरेचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे वाचून बरं वाटलं. आता खरी गोष्ट लिहिते. दादाचं काहीतरी बिनसलं आहे.

परवा आमच्या शेजारचा जिन्नाई न्हावी टोपी हातात धरून माझ्या दारात उभा राहिला. त्याच्या पर्सिमनच्या झाडाची पानं माझ्या अंगणात पडतात यावरून आमचं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली, तुला ठाऊकच आहे. असा माणूस आपण होऊन आला, तेव्हा मी चुलीवरचं तसंच टाकून त्याला आत बसवलं. तो म्हणाला की शिगेओसान, म्हणजे तुझे बाबा, हल्ली केस-दाढी करू देत नाहीत, नंतरचं नंतर बघू म्हणतात. आणि वर, दोन-चार दिवस मांजर सांभाळशील का, असंही विचारून गेले. ज्या मांजराला दादा स्वतःच्या ताटातला मासा देतो, ते मांजर!

मी काल शिजवलेले तारोचे कंद घेऊन चढावरच्या दादाच्या घरी गेले. ओसरीचं दार उघडंच होतं. आत तुझे बाबा उशी उत्तरेला करून, हात छातीवर जोडून, डोळे मिटून निजले होते. अंगात वहिनीने शिवलेला तो निळा युकाता, आणि तोही उलट्या बाजूने गुंडाळलेला. उशी काय, युकाता काय, सगळं गेलेल्या माणसाचं करतात तसं. चिझुरु, माझ्या हातातलं भांडं पडलं. त्या आवाजाने दादा उठून बसला आणि माझ्यावरच खेकसला की आपल्या घरात माणसाने कसं निजावं हेही आता बहीण ठरवणार का.

वहिनी गेल्यापासून तो एकटा आहे. तुमचं त्या वेळचं भांडणही अजून मिटलेलं नाही. मनात नाही नाही ते येतं. विचारलं तर तो तोंड उघडत नाही, म्हणून मी आणि जिन्नाईने पाळतीवर राहायचं ठरवलं आहे. शुक्रवारच्या मालिकेत ती किमोनोचे डाग काढणारी विधवा आणि तो निवृत्त सुमो पहिलवान खुन्यांच्या मागावर हिंडतात ना, तसे आम्ही दोघं. फरक एवढाच की आमचा पहिलवान झाडू उभा केल्यासारखा आहे.

आत्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
फुसाएआत्या

*

योकोहामा,
१० ऑक्टोबर

ती. स्व. आत्यास चिझुरुचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात धरून मी स्वयंपाकघरात खाली बसले. मग बाबांना फोन लावला. ते म्हणाले, सगळं ठीक आहे, भात लावलाय, ठेव. मी ठेवणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं की तू ती शुक्रवारची मालिका अजून बघतेस का. मी म्हटलं, घरात काहीही झालं तरी तेवढी एक मी चुकवत नाही. ते बरं म्हणाले आणि फोन बंद. एरवी मालिकांना बावळटपणा म्हणणारा माणूस हे का विचारतो? मला तर हा निरोप घेतल्यासारखा वाटला, आत्या.

आई गेल्यावर मी त्यांना म्हटलं होतं, घर विका आणि आमच्याकडे या. ते म्हणाले होते, मी काय सामान आहे का हलवायला. तेव्हापासून नवीन वर्षाचा एक फोन, तोही हवापाण्याचा. ते भांडणच आमचं शेवटचं धड बोलणं ठरलं तर मी काय करू?

सासूबाईंना उद्या घरी आणतो आहोत. रविवारच्या पहिल्या गाडीचं तिकीट काढलं आहे. तोवर बाबांना नजरेआड होऊ देऊ नकोस, पाया पडते. जिन्नाईसानना माझा नमस्कार सांग, आणि देवासाठी त्या पानांवरून आत्ता भांडू नकोस.

लोभ तर आहेच, तो या दोन दिवसांत दुप्पट कर.

तुझी,
चिझुरु

*

ओनोमिची,
१२ ऑक्टोबर

चि. चिझुरुस अनेक उत्तम आशीर्वाद.

माझी काल संध्याकाळची तार मिळून तुझा जीव भांड्यात पडला असेल. 'दादा सुखरूप, येऊ नको' यापलीकडे तारेत लिहिणार काय? आता सविस्तर ऐक, आणि आधी पाणी पी.

काल सकाळी दादा मांजर जिन्नाईच्या बायकोकडे देऊन, बगलेत गाठोडं मारून उतार उतरू लागला. आम्ही मागे. मी डोक्याला काळा रुमाल बांधला होता. आमचे डिटेक्टिव्ह मात्र दुकानातला पांढरा कोट घालून, खिशात कंगवा खोचून आलेले! दादाने मागे वळून बघितलं की हा बुवा एखाद्या खांबामागे उभा राही आणि दोन्ही बाजूंनी दिसे.

दादा बंदरावरच्या जुन्या गोदामात शिरला आणि बराच वेळ बाहेर येईना. आम्ही मागच्या दाराने आत गेलो. तर खोक्यांच्या पलीकडे चटईवर दादा आडवा, उशी उत्तरेला, अंगात उलटा युकाता, तोंडावर पांढरं फडकं आणि उशाशी उदबत्ती. दिवे, तारा, कॅमेरा, वीस-पंचवीस माणसं, सगळं तिथे होतं म्हणे. मला फक्त ते फडकं दिसलं. मी किंकाळी फोडून दादाच्या अंगावर पडले.

आणि प्रेत उठून बसलं गं! बसलं ते बसलं, वर मला म्हणालं की फुसाए, तिसऱ्यांदा बिघडवलंस, पहिल्या दोन वेळा मला शिंक आली होती.

तुझे बाबा आपल्या त्या मालिकेत प्रेताचं काम करत आहेत! मंडळी शूटिंगला गावात आली होती, आणि त्यांना स्वस्थ पडून राहील असा म्हातारा हवा होता. जहाजाच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, स्वस्थ पडणं त्याला कुठून जमणार? म्हणून घरी सराव चालला होता. केस-दाढीही त्यासाठीच राखलेली. मालिका दाखवेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असा शब्द दिला होता. दादाचा शब्द म्हणजे तोंडाला कुलूप. सख्ख्या बहिणीचा जीव गेला तरी चालेल.

मी तिथेच ढसाढसा रडले, मग हसले, मग दादाच्या पाठीत एक धपाटाही घातला. दिग्दर्शक चिडेल असं वाटलं होतं, पण त्याला माझी किंकाळी इतकी आवडली की मला प्रेताची बहीण म्हणून पुन्हा दोनदा ओरडायला लावलं. जिन्नाईला काही दिलं नाही, म्हणून तो रुसला आहे. त्याची समजूत म्हणून यंदा त्याची पानं मी मुकाट्याने झाडणार आहे.

हे सगळं तुला कळलं आहे, हे दादाला कळू देऊ नकोस. हे काम कशापायी केलं असं मी विचारलं, तर तो गाठोडं उचलून मांजर आणायला निघाला.

अशीच लिहीत जा, आमची आठवण उतू जाऊ दे.

तुझी,
फुसाएआत्या

*

ओनोमिची,
९ नोव्हेंबर

चि. चिझुरुस आशीर्वाद.

मी बरा आहे. मांजर बरं आहे. येत्या शुक्रवारची मालिका चुकवू नकोस. सुरुवातीपासून बघ, मध्ये चहा करायला उठू नकोस. कारण लिहिता येत नाही.

लोभ ठेव.

बाबा

*

योकोहामा,
१५ नोव्हेंबर

ती. बाबांस चिझुरुचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल आम्ही सगळे टीव्हीसमोर तासभर आधीच येऊन बसलो होतो. सासूबाईंनी तर जेवण लवकर उरकायला लावलं. ही मंडळी तुम्हाला बघून ओरडली, टाळ्या वाजवल्या. पहिलवान तुमच्याजवळ बसला तेव्हा तुमची पापणी हलली, ती आमच्या घरात सगळ्यांनी बघितली. बाहेर कुणाला सांगणार नाही.

आणि मला एक कबूल करायचं आहे. मला आधीच सगळं ठाऊक होतं. आत्यावर रागावू नका, ती भीतीने अर्धी झाली होती. सगळं ठाऊक असूनही, त्या डागवाल्या बाईने फडकं उचललं, युकाता उलटा गुंडाळलेला बघून म्हणाली की या माणसाला गेल्यावर कुणीतरी कपडे चढवले आहेत, आणि मला आईने घातलेली ती बारीक शिवण दिसली, तेव्हा मी उठून मोरीत गेले आणि तोंडात टॉवेल धरून रडले.

ऑक्टोबरात मी येणार होते. आत्याची तार आली, मी तिकीट परत केलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटण्याचीच लाज वाटली. तुम्ही जिवंत आहात एवढं कळलं की मला पुरतं, असं कसं झालं बाबा? येत्या शनिवारी मी येते आहे. घर विकायचं काही बोलणार नाही. तुम्हाला आडवं बघून झालं, आता बसलेलं, जेवताना, मांजरावर ओरडताना बघायचं आहे. मी घरात पाऊल टाकेन तेव्हा ती उशी तेवढी फिरवलेली असू द्या.

आणि हे काम का केलंत, ते सांगाल?

तुमच्या मायेची भुकेली,
चिझुरु

*

ओनोमिची,
१८ नोव्हेंबर

चि. चिझुरुस अनेक आशीर्वाद.

फुसाएच्या पोटात काही राहत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. पापणी हलली नव्हती. दिव्यामुळे तसं दिसलं असेल.

का केलं विचारतेस. आठवड्यातून तासभर तू त्या खोक्याकडे टक लावून बघतेस, घरात काही झालं तरी. म्हटलं, एकदा आपण तिथे जाऊन पडावं, म्हणजे तुला दिसू.

उशी फिरवली आहे. गादी उन्हात टाकली आहे. शुक्रवारीच आलीस तर मालिका इथेच बघू.

बाबा