खुणेवर बारा फेऱ्या

प्रिय इंजिनीअरीणबाई,

परवा तू फोनवर काकाच्या अर्जाचं विचारलंस आणि मी फोन तुझ्या आईच्या हातात कोंबला. मातीची चाचणी घ्यायला तुला माणूस हवाय, काकाचं दुकानातलं काम सुटलंय, पण खोटे रिपोर्ट भरणारा म्हणून त्याचं नाव खराब झालेलं. माझ्या एका शब्दावर त्याची नोकरी अडली आहे हे कळत होतं, म्हणूनच पळ काढला.

तू शिकलेली, मी नुसता रोलर चालवणारा. तरी ऐक. रस्त्याखालच्या भरावाचा थर वीतभरच हवा. ओली माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, आणि मोडला तर दोनच तुकडे व्हावेत. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. मग प्रत्येक पट्ट्यावर आठ फेऱ्या. चार झाल्या की जमीन वरून कडक दिसायला लागते आणि तिथेच माणूस फसतो. तुझी आई म्हणते, मी अंथरूणसुद्धा असंच दाबून दाबून घालतो. म्हणू दे.

एका नव्या रस्त्याच्या पुलाजवळच्या भरावावर मी रोलरवर होतो आणि काका चाचणीला. दुपारी तो चुन्याने खूण करून जायचा. दुसऱ्या दिवशी तिथेच खड्डा खणून माती किती घट्ट बसलीय ते तोलून पाहायचा. सख्ख्या भावावर कशाला संशय घेईल? तू तेव्हा दोन महिन्यांची होतीस. तू जागी असताना घरी पोचायचं वेडच लागलं होतं मला. म्हणून सगळीकडे चारच फेऱ्या मारायचो आणि त्याच्या खुणेवर बारा. रिपोर्ट एकापेक्षा एक सरस यायचे. रस्ता सुरू झाला आणि वर्षाच्या आत भराव हातभर खचला. रिपोर्ट घरी बसून भरले असं म्हणून काकाला काढून टाकलं. मी शेजारी उभा होतो, तोंड उघडलं नाही. लिहायलाही लाज वाटते, पण सव्वीस वर्षं नाही उघडलं.

काल त्याच्या खोलीवर जाऊन सगळं कबूल केलं. त्याने शांतपणे चहा ठेवला. म्हणाला, चौकशीत खुणेपासून चार पावलांवर खणलं तेव्हा पहार सरसर आत गेली, तेव्हाच मला कळलं. मग का नाही बोललास, विचारलं. तर म्हणाला, मी एकटा जीव, तुझी पोर नुकती चालायला लागली होती, तिला काय खायला घातलं असतंस? बाई, रिपोर्ट खरे होते, भराव खोटा होता आणि तो मी केला. हे तुझ्या साहेबांसमोर ठेवता यावं म्हणूनच लिहिलं, खाली सही करतोय. माझं काय होईल याची काळजी करू नकोस. तुझ्या पोटापाण्याचं आता तुझं तू बघतेस.

तुझाच,
बाबा