तळघरातली भरती-ओहोटी

९ जानेवारी

विसरलीस? विसरलीसच! पान उलटलं की तू कोरी, वहीबाई. परवा घसा कोरडा करून एवढं सांगितलं, आणि आज तुझ्या तोंडावर एक डाग नाही. पोल्या म्हणते, "अगं, ते मागच्या पानावर आहे." असेल. मला मागचं काय, पुढचं काय — सगळ्या काळ्या मुंग्या. तर पुन्हा सांगते, नीट ऐक.

मी फेन्या. बोलते मी, लिहिते पोल्या, माझी नणंद. लहानपणी आमच्या क्रेस्टोव्हा गावात पोलीस पोरं धरायला यायचे, सरकारी शाळेत कोंडायला. परमुलखातून येऊन वसलेल्या आमच्या लोकांना ती इंग्रजी शाळा नको होती. पोल्या पळताना पडली, सापडली. मी गवताच्या गंजीत लपले. म्हणून तिला अक्षरं ओळखू येतात आणि मला गवत.

घरात कुझ्मा आहे — माझा नवरा, तिचा भाऊ. कॅन्सर हाडांत उतरलाय. डॉक्टरांच्या गोळ्यांनी दुखणं थांबतं, पण त्याबरोबर माणूसही थांबतो. मला विचारतो, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" ताट तसंच परत येतं. आमच्या वाल्यानं — मुलानं — तळघरातल्या भांगेचं तेल दिलं की मात्र झोपतो, उठतो, चार घास खातो, माझ्याशी भांडतो. परवाना आहे, भिंतीवर टांगलाय. दुकानातलं तेल त्याच्या पोटात ठरत नाही. वाल्याच्याच झाडांचं ठरतं.

आणि वाल्याचं मागचं पीक कुजलं. सगळं! बाटलीत तेल बोटभर.

हे तरी विसरू नकोस.

१२ जानेवारी

तळघर म्हणजे बटाट्याची जागा होती आधी. आता तिथे दिवे, उंच काठाचं टेबल, टेबलाखाली टाकी, टाकीत पंप. घड्याळ कुरकुरलं की पंप सुरू — पाणी टेबलावर चढतं, मुळं पितात. पंप थांबला की पाणी आपलं आपण खाली. भरती, ओहोटी! जन्मात समुद्र पाहिला नाही मी. आता घराखाली आहे. वाल्या लाकडाच्या गिरणीत पाळीवर असतो, हातानं पाणी घालायला तो घरी असतो कुठे?

पण माती नाही. हे माझ्या काही पचनी पडत नाही. "मातीऐवजी काय घालायचं, तेवढंच ठरवायचंय," म्हणतो. तेवढंच! मागच्या वेळी दगडाची लोकर घातली होती, दगड वितळवून पिंजलेली. हाताला खाजरी. ती पाणी धरून बसली. भरतीवर भरती, ओहोटी नाहीच. मुळं राखाडी झाली, डबक्यासारखा वास सुटला. मीच बादल्या भरभरून बाहेर टाकलं ते.

एक झाड खिडकीत वाचलंय. त्याच्या फांद्यांची कलमं केलीत त्यानं. "या वेळी चुकलो तर पुढचं तेल थेट पुढच्या हिवाळ्यात, आई."

हिवाळ्यात कुझ्मा — नको, हे लिहू नकोस पोल्या.

लिहिलंस! मला दिसतंय ना तुझा हात हलताना.

१६ जानेवारी

नारळाचा काथ्या आणला. विटेसारखा दाबलेला, पाणी घातलं की फुगतो. नारळ मी झाडावर कधी बघितला नाही, त्याची दाढी तेवढी बघितली! मला आवडला — तपकिरी, मऊ, बोटांना मातीसारखा. वाल्यानं एका ट्रेमध्ये करून पाहिलं. दुसऱ्याच भरतीला भुसा वाहून पंपात. पंप घरघरला नि गप्प. वाल्यानं तोंडातल्या तोंडात इंग्रजीत काहीतरी म्हटलं. तेवढं इंग्रजी मला कळतं.

१९ जानेवारी

जेवताना पंचायत बसली. मी म्हटलं, नदीचे गोटे घाला, न्हाणीत वाफेसाठी तापवतो तसले. फुकट. वाल्या म्हणाला, "गोटे पाणीच धरत नाहीत, आई." पोल्या म्हणाली, लोकरच घाल, पाणी कमी वेळा सोड. "आत्या, लोकरीनं एकदा बुडवलंय मला."

मग त्यानं खिशातून खडे काढले. भाजक्या मातीचे, गोल, बोरासारखे, आतून जाळीदार. पाणी थोडं धरतात, बाकीचं सोडून देतात, मुळांना हवा मिळते. "पण बर्फानं तारा तुटल्या, पंप बंद पडला, तर हे दुपारपर्यंत कोरडे. लोकर निदान दोन दिवस ओली राहते." म्हणजे एक बुडवतं, एक वाळवतं! निवडा काय ते.

बोर्श्टचं — बिटाच्या सुपाचं — पातेलं गार होतंय.

कोचावरून कुझ्मा म्हणाला, "भाजलेली का होईना, माती आहे ना? मातीत लाव."

तेलाच्या दिवशी बोलतो तो असा. ठरलं.

२० जानेवारी

मन जाग्यावर नाही. आमच्यात दारू नाही, मांस नाही, धूर नाही. प्रार्थनाघरात बायका कुजबुजतात, "फेन्याच्या तळघरात काय पिकतं?" माझ्या आजीनं भांगेच्या बियांचं तेल काढलेलं चालायचं, उकडलेल्या बटाट्यावर घालायची, वरून मीठ. तेव्हा कुणी कुजबुजत नव्हतं. तेल म्हणजे धूर नव्हे! नव्हेच.

२३ जानेवारी

वाल्या पाळीवर जाताना म्हणाला, "आई, खडे लावायच्या आधी धुवायला हवेत. लाल धूळ असते, पंपात जाते. मी आल्यावर धुतो."

आल्यावर कशाला? म्हातारीला हात नाहीत? मी आणि पोल्यानं पोती बर्फावरच्या घसरगाडीवर घालून अंगणापलीकडच्या न्हाणीत नेली. तिथे चुलीवर हंडा, हंड्यात राखेचं पाणी मुरत होतंच. माझ्या चादरी बघ, साठ वर्षं राखेच्या पाण्यानं धुतेय, बर्फ लाजतं. खडे त्यातच भिजत घातले, चोळले, वर एकदा साधं पाणी. असे लखलखले! वाल्या बघून म्हणाला, "आई, तू तर कमालच केलीस." फुगले मी. का नाही फुगणार?

२५ जानेवारी

कलमं खड्यांत बसली. पहिली भरती आम्ही तिघं उभ्यानं बघितली. पाणी वर आलं, खडे काळे झाले, पाणी गेलं. शेवटी गुळगुळ आवाज. कुझ्मानं वरून विचारलं, "प्यायली का?" 

४ फेब्रुवारी

झालं! ज्याला भीत होतो तेच. रात्रभर बर्फ, सकाळी तारा तुटलेल्या, वाल्या गिरणीत अडकलेला. पंप मेला.

मी आणि पोल्या झाऱ्या घेऊन तळघरात. किती वेळ ओतायचं? पंपाचं घड्याळ विजेचं, तेही मेलेलं. मग एक स्तोत्र म्हणून होईपर्यंत ओतायचं, तीन स्तोत्रं थांबायचं, पुन्हा एक. कंदिलाच्या उजेडात दोन म्हाताऱ्या बादलीशी उभ्या राहून गातायत! पोल्या दुसरा सूर लावते तो अजून बरोबर लागतो, पण हे तिला सांगणार नाही. (लिहिताना हसतेय.) दिवे आले तेव्हा आवाज बसलेला, कंबर मोडलेली. झाडं उभी.

आज वाटलं, जिंकलो.

९ फेब्रुवारी

पानं पिवळी. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. पाणी वेळेवर, दिवे वेळेवर. का?

११ फेब्रुवारी

अजून पिवळी. बाटली संपली. तळ सुरीनं खरवडून पावावर लावला आज.

१३ फेब्रुवारी

कुझ्मा पुन्हा गोळ्यांवर. सकाळी मला म्हणाला, "बाई, बसा ना, उभ्या का?" बसले. काय करणार?

वाल्याकडे एक कांडी आहे, पाण्याचा आंबटपणा मोजायची. रोज संध्याकाळी तो पाणी आंबट करतो, दुसऱ्या दिवशी कांडी पुन्हा भलतंच सांगते. "झाडाला भूक आहे, समोर ताट आहे, पण घशाखाली उतरत नाही." कुणाबद्दल बोलतोय असं वाटलं क्षणभर.

मग म्हणाला, "खडेच खराब निघाले. काहीतरी खार सोडतायत पाण्यात."

"खार म्हणजे?"

"साबणासारखं गं. राखेसारखं."

माझा चमचा हातातच राहिला. पोल्यानं माझ्याकडे बघितलं. मी पोल्याकडे. दोघींनी सूप पिऊन टाकलं.

१४ फेब्रुवारी

सांगायचं आहे. सांगितलं नाही.

१५ फेब्रुवारी

वाल्या काथ्याच्या विटा घेऊन आला. उद्या सगळी झाडं उपटून काथ्यात लावणार. पंपाला फडकं बांधून बघणार म्हणे. "मुळं तुटतील," मी म्हटलं. "तुटतील. अर्धी मरतील. पण खड्यांत राहिली तर सगळी मरतील."

अर्धी मरतील! माझ्या चादरीच्या हौसेपायी!

पोल्या म्हणते, "तू सांग, नाहीतर मी सांगते." मी म्हटलं, तू पोती ओढलीस. ती म्हणाली, "ओढली. पण हंडा तुझा." अक्षर आलेल्या माणसाला असं बोलता येतं.

मी नुसती म्हातारी नाही तर घातकी म्हातारी, असं वाल्याच्या तोंडावर दिसेल. तेच भय. आणि दुसरं भय त्याहून मोठं — ते आतल्या खोलीत कण्हतंय.

१६ फेब्रुवारी

रविवार. रीतीप्रमाणे टेबलावर पाव, मीठ, पाणी मांडलं. प्रार्थना झाली. वाल्या हातमोजे घालून जिन्याकडे निघाला.

"थांब," म्हटलं. "खडे खराब नाहीत. मी राखेच्या पाण्यात धुतले."

"कशात?"

"राखेच्या. न्हाणीतल्या."

तो जिन्याच्या पायरीवर बसला. एक हातमोजा काढला. दुसरा तसाच. "आई, ते खडे जाळीदार आहेत. पिऊन बसलेत ते सगळं."

"म्हणूनच तर लखलखले," पोल्या म्हणाली. काय बाई आहे!

मी वाट बघत होते तो ओरडेल. ओरडला असता तर बरं. तेवढ्यात आतून कुझ्माचा आवाज — गोळ्यांच्या धुक्यातून, पण त्याचाच: "माझे सदरे पण तसेच धुते. जन्मभर खाजवतोय मी." वाल्या हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले. माझे आधीच भरलेले होते.

झाडं उपटायची नाहीत, ठरलं. आंबट पाण्याच्या भरतीवर भरती द्यायच्या, प्रत्येक पाणी फेकून द्यायचं, खड्यांतला खार धुऊन निघेस्तोवर. बादल्या मी वाहिल्या. कुणी थांबवलं तर बघतेच, म्हटलं.

२१ फेब्रुवारी

अजून बादल्या. कांडीचा आकडा थोडा खाली.

२७ फेब्रुवारी

नवं पान आलंय एक. शेंड्याला, नखाएवढं. हिरवं! पोल्याला ओढून नेलं दाखवायला. "चष्मा तरी घालू दे," म्हणाली.

१८ मार्च

झाडं छातीएवढी. फुलं धरायला लागलीत. पण कुझ्मा चादरीखाली सापडत नाही, इतका बारीक. नर्स येते, वजन करते, आकडा मला सांगत नाही. पोल्याला सांगते. पोल्या मला सांगत नाही.

दोघं शर्यतीत आहेत — वर एक, खाली सगळी. मी मध्ये, जिन्यावर.

२ एप्रिल

वाल्याला म्हटलं, आत्ताच काप. म्हणाला, "कच्ची आहेत, ठरणार नाही त्याच्या पोटात." खडे वाळवतात, लोकर बुडवते, आणि वाट बघणं दोन्ही करतं.

२६ एप्रिल

कापली. कांद्याच्या दोऱ्यांवर उलटी टांगली माळ्यावर. घरभर वास. प्रार्थनाघरातली एक बाई दारात येऊन नाक वर करून उभी. मी म्हटलं, "बडीशेप आहे." देव माफ करो.

७ मे

तेल झालं. सूर्यफुलाच्या तेलात, मंद आचेवर, वाल्यानं स्वतः ढवळत. संध्याकाळी पावाच्या तुकड्यावर थेंब. ठरलं — ओकला नाही. झोपला. पण बोलला नाही काही. मला ओळखलं की नाही, कळलं नाही. हात धरून बसले. 

उशीर झाला असेल तर? माझ्या राखेनं खाल्लेले ते आठवडे —

पुरे पोल्या. दिवा घालव.

९ मे

कुझ्मा उठून बसला! "फेन्या, भूक लागलीय." मी बोर्श्ट आणला. ढकलला. लापशा — शेवयांचं सूप — आणला. ढकलला. म्हणाला, "तरुणपणी लाकूडतोडीच्या छावणीत खायचो ना, तसलं डुकराचं सॉसेज आण. लसूण घातलेलं." लग्नाला साठ वर्षं झाली, रोज माझ्या हातचा कोबी, आणि याच्या पोटात हे!

पोल्या तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबून हसतेय. हसू दे. पोल्या, वही बाजूला ठेव, वाल्याला गिरणीत फोनवर लिही: सॉसेज पाठव. लसणीचं, चांगलं हातभर. कागदात दोनदा गुंडाळ, वर बिटाची पानं ठेव. आणि प्रार्थनाघरातल्या कुणाच्या हाती पाठवू नकोस.