पूल उघडेपर्यंत

दि. ४ मार्च

प्रिय ताईस,

सा. न. वि. वि. (दोन वि. कशाला असतात देव जाणे, पण सगळे लिहितात.)

मुकादमाच्या खिशात बेडूक सोडताना माझा मोबाईल नदीत गेला, म्हणून हे पत्र. बेडूक सुखरूप आहे. पूल बंद, त्यामुळे तू पलीकडे आणि मी अलीकडे. परांचीवरून तुझी गच्ची दिसते, तू दिसत नाहीस. वळसा घालून यायला अख्खा दिवस जातो आणि काम संपेपर्यंत सुट्टी नाही.

जुने खांब भूकंपात टिकायचे नाहीत. म्हणून त्यांच्याभोवती नव्या सळया उभ्या करायच्या, त्यांना लोखंडी रिंगा घालायच्या, वर काँक्रीट. रिंगेची टोकं आत वळवून सळईला अडकवायची. नाहीतर हादरा बसला की रिंग उघडते, गाठ न मारलेल्या नाडीसारखी. पुढचं तूच ओळख.

भाऊजींची बदली झालीय, महिनाअखेर तुम्ही जाणार. त्याआधी पूल उघडला की पहिला मीच धावत येणार. तोवर लोभ पातळ करू नकोस.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. माकडास,

अ. उ. आ.

बेडकाचं वाचून हे खो-खो हसले. मी आधी रडले, मग हसले. आमचं निघणं वीस तारखेवर आलंय. तोंडानं सांगायचं होतं, पण राहवत नाही: तू मामा होणार आहेस. खूप लांब जातोय रे, बाळ झाल्यावर लवकर येणं व्हायचं नाही.

खरं सांगू? टोकं सरळ राहिली तर कोण बघतंय? भूकंप काय रोज येतो? आटप नि ये. एकदा डोळे भरून बघू दे.

जपून राहा, माया आहेच.

ताई

दि. १८ मार्च

ताईस मामाचा सा. न.

तुझं ऐकलं. सकाळी धडाधड टोकं सरळच ठेवली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. जेवायला बसलो, डबा उघडला नि मनात आलं: बाळाला घेऊन तू येशील ती ह्याच पुलावरून. उठलो, सगळ्या रिंगा सोडल्या, टोकं पुन्हा आत वळवली. उशीर का झाला म्हणून इंजिनिअर बाईंनी विचारलं. टवाळक्या करत होतो म्हटलं. लगेच पटलं बघ त्यांना.

काँक्रीट उद्या. मग ते कितीतरी दिवस भिजवायचं. वीसला पूल उघडत नाही, ताई. तुमची गाडी सुटेल तेव्हा मी खांबावर पाणी मारत असेन.

परत याल तेव्हा पुलावर बाळ झोपलं असलं तर उठवू नकोस.

माझ्या वाटची माया सामानात बांधू नकोस. घरमालकाकडे ठेव, पूल उघडला की येऊन घेऊन जाईन.

तुझा धाकटा