दर रविवारी दोन थेंब

४ मार्च

सुनेने शिवणाच्या मशीनवर पुन्हा कुंडी ठेवली! पाणी झिरपून फळी फुगली, पापुद्रे सुटलेत. बोलले तर म्हणते, "आई, एकोणीस वर्षं बंदच तर आहे." मी पण गुडघे गेल्यापासून बसूनच आहे. माझ्या डोक्यावर पण ठेव एक कुंडी.

गोळी घेतली. डॉक्टरने सांगितलंय, घेतली की वहीत लिहा, नाहीतर दोनदा घ्याल. लिहिलं. नातीची वही आहे, अर्धी कोरी. मी चौथीपर्यंत शिकले, पण तक्रारी लिहायला तेवढं शिक्षण पुरतं.

५ मार्च

गोळी घेतली.

मुलगा म्हणतो, वरचं मशीन भंगारात देऊ, खालचा बिडाचा स्टँड ठेवू. वर काच टाकली की झकास टेबल होतं म्हणे, हल्ली हॉटेलांत तसलीच असतात. म्हटलं, मी मेले की माझे पाय ठेव आणि वर काच टाक.

हे मशीन माझ्या सासूचं. तिने मला दिलं. मी लेकीला बसवलं त्यावर. आता नातीला द्यायचं. शिवणाच्या क्लासला जाते, हात सरळ आहे तिचा. दुरुस्त करूनच द्यायचं. बिघडलेली वस्तू पोरीच्या गळ्यात मारायची नाही.

९ मार्च

मिस्त्री आला. चष्मा एवढा जाड की डोळे माशासारखे दिसतात. पण हात हलका. चाक फिरवून बघितलं, तसूभर हललं नाही. म्हणाला, "आजी, माल जुना आहे. असं लोखंड आता मिळत नाही." म्हटलं, मी पण जुनीच आहे, कौतुक पुरे, काम कर. हसला. वरचं मशीन फळीवरून सोडवलं, उताणं केलं, रॉकेल सोडून गेला. तीन दिवस मुरू दे म्हणाला.

नातीने विचारलं, "आजी, बंद कसं पडलं हे?"

"तुझ्या आत्याने मोडलं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

सून भांडी घासत होती. नळ मोठा केला तिने.

१० मार्च

नात पाठ सोडत नाही. आत्याला तिने बघितलेलं नाही, म्हणून जास्तच. सांगितलं एकदाचं.

शाळेच्या ऐंशी गणवेशांचं काम होतं. एवढं मोठं काम घरात कधी आलं नव्हतं. मी कापायची, लेक शिवायची. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता — हे तिला कधी सांगितलं नाही, डोक्यात वारं जाईल म्हणून. एकेचाळीस झाले आणि मशीन धरलं. तिने पायाने जोर दिला, आतून काहीतरी कडकन मोडलं. काम गेलं. शाळेने पुढे कधी दारात उभं केलं नाही.

तेव्हा ती कपड्यांच्या कारखान्यात जाते म्हणत होती, मी नाही म्हणत होते. म्हणून मुद्दाम मोडलं! दुसरं काय? जिन्यात उभी राहून बोलले तिला, चारी मजले ऐकत होते. ती एकच म्हणाली, "आई, मी नाही मोडलं." दोन दिवसांनी पिशवी भरली आणि गेली. कारखान्यातच गेली. म्हणजे माझंच खरं ठरलं ना?

नात म्हणाली, "मग?" म्हटलं, मग काही नाही. अभ्यास कर.

गोळी घेतली.

१२ मार्च

मिस्त्री आला. पोटातले भाग एकेक सोडवले, वर्तमानपत्रावर मांडले. सगळ्याला तपकिरी चिकट थर. खरवडला तर पापडी निघते.

"आजी, तेल कोण घालायचं याला?"

"मी! दर रविवारी दोन थेंब. सासूने घालून दिलेला नेम. एक रविवार चुकला नाही." छाती फुगवून सांगितलं.

"कुठलं?"

"कुठलं म्हणजे?"

"आत डिंक झालाय. मशीनच्या तेलाचा असा होत नाही. हे डोक्याचं तेल असणार, नाहीतर खायचं. सुकतं, चिकटतं, वर्ष-दोन वर्षांत सगळं धरून ठेवतं. वर बसणाऱ्याने जोर लावला की एक दिवस मोडणारच. त्यात शिवणाऱ्याचा दोष नसतो."

सून बघत होती. नात बघत होती.

म्हटलं, "मशीनचंच घालायचे मी."

त्याने बोट नाकाशी नेलं, हुंगलं, फडक्याला पुसलं. भला माणूस. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ मार्च

डोक्याचं तेल होतं.

१४ मार्च

काल गोळी लिहायची राहिली. घेतली की नाही आठवत नाही.

दुसरंच आठवतं. मशीनच्या तेलाची कुपी संपली होती. नवी आणायची म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या टोकाला जायचं. डोक्याचं तेल हाताशी, फळीवर, पातळ, वासाचं. म्हटलं तेल ते तेल. मग तेच चालू राहिलं. दर रविवारी. आधी केसांना, उरलेलं मशीनला. तीन वर्षं तरी!

लेक सांगायची, "आई, मशीन जड चालतंय." मी म्हणायचे, मशीन जड नाही, तुझं मन हलकं झालंय, ते कारखान्याकडे उडतंय. ती म्हणायची, तू बसून बघ एकदा. नाही बसले. कापायचं काम कमी होतं का मला!

एकदा बसले असते तर पायाला कळलं असतं.

१७ मार्च

मोडलेल्या दांड्याच्या जागी मिस्त्रीने दुसऱ्या जुन्या मशीनचा दांडा बसवला. नवी वादी घातली. चाक एका बोटाने फिरलं. नातीने जुन्या चादरीवर टीप मारली — सरळ, बारीक, एक टाका उडाला नाही. तोच आवाज. एकोणीस वर्षांत तसूभर बदल नाही. मला ऐकवेना. आत जाऊन उगाच डबे पुसत बसले.

जाताना मिस्त्री कुपी देऊन गेला. नातीच्या हातात दिली, माझ्या नाही.

१९ मार्च

जेवताना सांगितलं सगळ्यांना. मशीन लेकीने मोडलं नव्हतं. तेल माझं होतं. त्या दिवशी मिस्त्रीसमोर खोटं बोलले तेही सांगितलं, एवीतेवी तोंड उघडलंच होतं.

सून म्हणाली, "जाऊ द्या आई, आता काय त्याचं." तिचं काय जातंय! मुलगा मान खाली घालून जेवत राहिला. म्हटलं, मशीन आता लेकीचं. नातीचं तोंड उतरलं. तरी तिनेच मला गच्चीच्या जिन्यात नेलं. "आजी, आत्याचा नंबर आहे माझ्याकडे. बाबांच्या फोनमधून घेतला."

माझ्या पोटच्या पोराकडे नंबर होता आणि मला पत्ता नाही! पण आधी काम. नात म्हणाली, हे दाबून धर आणि बोल, आत्याला ऐकू जाईल. मी बोलले — "मशीन तू मोडलं नाहीस. माझ्या तेलाने मोडलं. दुरुस्त केलंय, तुझं आहे. येऊन घेऊन जा, नाहीतर पाठवते."

नात म्हणाली, "अगं, कशी आहेस एवढं तरी विचारायचंस!"

खरंच. तेवढं राहिलंच.

२० मार्च

उत्तर नाही. गोळी घेतली.

२१ मार्च

नाही. नात म्हणते, ऐकलंय आत्याने, फोनवर तशी खूण दिसते. मग बोलत का नाही? म्हणते, तू एकोणीस वर्षं घेतलीस, तिला दोन दिवस दे. जीभ माझ्यावरच गेलीय कार्टीची.

फळी पॉलिश केली. हात दुखतो. दुखू दे.

२३ मार्च

लेकीचा आवाज आला. नातीने फोन माझ्या कानाला धरला. लेक म्हणाली, "पोरी, मशीन तूच ठेव, आईला तसं सांग. मला उपयोग नाही. कारखान्यात कापायच्या मशीनमध्ये माझी उजव्या हाताची चार बोटं गेली. अकरा वर्षं झाली. दादाला माहीत आहे, तो आला होता दवाखान्यात."

मुलगा सहाला येईल. आल्या आल्या उत्तर द्यायचं, हे का लपवलं त्याचं, चपला काढायच्या आधी. त्यानेच द्यायचं, सुनेने मध्ये पडायचं नाही. तो म्हणेल, तूच बजावलं होतंस, या घरात तिचं नाव काढायचं नाही. खरं आहे, बजावलं होतं. मग पुढचं उत्तर मी द्यायचं. माझ्या बाजूने कोणी एक शब्द बोलायचा नाही.