साक्षी आरसा

३० जानेवारी
आरशावरचे आवरण माझी शिष्या ऑर्नेला लावणार! अवकाश-दुर्बिणीचा हा आरसा इतकी वर्षे मी निर्मळ राखला. पाठवणीपूर्वीचा शेवटचा हात मात्र तिचा. प्रमुख बाल्दान म्हणाले, "मास्तर, आता जरा बसा की. पोरगी तयार झालीय." तयार कोणी केली? तरुण दाविदाचा जयघोष ऐकून बायबलातला म्हातारा शौल राजा मत्सराने जळला, तसे आज माझे झाले.

३ फेब्रुवारी
सान ब्याजो — गळ्याचे रोग हरणारा संत. चर्चमध्ये पहाटेच्या मिस्सेत, प्रार्थनाविधीत, फादरनी गळ्याला आशीर्वादित तेल लावले. तिथूनच कामावर.
निर्धूळ कक्षाचा पोशाख चढवताना ऑर्नेला हळूच म्हणाली, "मास्तर, गळा पुसलात ना?"
मला शिकवते! पवित्र तेल का पुसायचे असते?
"तू आपले हात बघ," म्हटले. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडतात, मलम लावते — ठाऊक आहे मला.

९ फेब्रुवारी
थोरल्या आरशाशेजारी एक चिमुकला साक्षी आरसा ठेवतो. थोरल्यावर जे बसेल ते याच्यावरही बसावे म्हणून. आज अतिनील प्रकाशात तो मंद निघाला. डोळ्यांना काही दिसत नाही; पण रेणूंचा एवढासा थर ते किरण गिळतो, आणि अंतराळातल्या उन्हात भाजून कायमचा चिकटतो. तिथे पुसायला कोण जाणार?
दुःख व्हायला हवे होते. आनंद झाला. देवा!
बाल्दानना म्हणालो, "मलम कोण लावतं, ते विचारा."

१० फेब्रुवारी
ऑर्नेलाला कक्षाबाहेर ठेवले. आवरण मी लावणार.
कॉफीच्या यंत्रापाशी ती म्हणाली, "महिनाभर मलमाला हात लावला नाही हो, मास्तर. हे बघा." बोटे रक्ताळलेली. मी साखर ढवळत राहिलो.

११ फेब्रुवारी
प्रार्थना जमेना. बायबलात वाळवंटातल्या त्या स्त्रियांनी देवाच्या मंडपासाठी आपले आरसे अर्पण केले. त्यांचे याजकांना हातपाय धुण्याचे गंगाळ झाले. आधी धुणे, मग वेदी. हे मी इतरांना किती वेळा सांगितले!

१३ फेब्रुवारी
थराचे पृथक्करण आले. ऑलिव्हचे तेल, त्यात सुगंधी राळ. मलमाचा मागमूस नाही.
बाल्दान ऑर्नेलाला म्हणाले, "काय गं, आरशावर सॅलड कालवलंस?"
तिने माझ्या गळ्याकडे पाहिले.
"माझं आहे ते," मी म्हणालो.
थोरला आरसा तीच धुणार, आवरणही तीच लावणार. मी काचेबाहेरून पाहीन.
मत्सर अजून आहे.