अँड्रॉइड की आयफोन, पाडव्यापर्यंत

३ मार्च २०२५, सोमवार

त्या दिवशी सकाळी अंगण झाडून झालं होतं. चहा झाला होता, कणीक भिजवून ताटाखाली झाकली होती, मोटर लावून मी वांगी चिरायला बसले होते. सव्वानऊला फोन आला. हे दुकानात पोचले की रोज करायचे. मोटर बंद केली का, एवढंच. मी म्हटलं, हो, केली. केली नव्हती. फोन ठेवून उठले तर टाकीचं पाणी पायऱ्यांवरून अंगणात आलेलं. झाडलेलं अंगण परत झाडलं. त्याच दुपारी दुकानात यांचं हृदय थांबलं. १९ जानेवारी, मागच्या वर्षीची.

आज आठवायचं कारण इतकंच की आजही टाकी वाहिली. बंद करायला पळाले आणि माझा बटनाचा फोन कमरेतून निसटून हौदात पडला. काढून तांदळात ठेवला आहे. सकाळपर्यंत सुकेल.

४ मार्च, मंगळवार

सुकला नाही. तांदळाची खिचडी केली.

कपाटातून यांचा मोठा फोन काढला. वर्षाच्या वर पडून होता. दीड तास चार्जिंगला लावल्यावर उजेड आला. केसातली पिन घालून त्यात माझं सिम स्वतः बसवलं. लेकीला, आकांक्षाला, फोन करून सांगितलं. ती सावंगीच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे, कामात होती. म्हणाली, आता एक चांगला नवीन घेऊनच टाक.

बरोबर आहे. हा फोन तात्पुरता. आठ दिवस.

५ मार्च, बुधवार

फोनमध्ये एक गोष्ट सापडली. लिहून ठेवते.

यांचं आमच्या जाम गावच्या चौकात जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान. गिऱ्हाईक फोनवर एक सामान सांगायचं आणि न्यायला आलं की म्हणायचं, मी असं म्हटलंच नव्हतं. म्हणून यांनी फोनमध्ये रेकॉर्डिंग लावून घेतलं होतं. आलेला-केलेला प्रत्येक कॉल आपोआप भरून राहतो. ते रेकॉर्डिंगचं खातं अजून तसंच आहे. वर आकडा आहे: २००.

त्यात रोजचा सव्वानऊचा माझाही असणार.

उघडलं नाही. या फोनचा स्पीकर फाटका आहे, नीट ऐकू येणार नाही. नव्या फोनवर उतरवून घ्यायचं आणि निवांत ऐकायचं. एवढे दिवस थांबलेच की.

६ मार्च, गुरुवार

सकाळी धनंजयला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, आई, आयफोनच वापर, माझा जुना पाठवतो, अगदी नव्यासारखा आहे. दुपारी आकांक्षाला केला. ती म्हणाली, दादाचं ऐकू नको, तुला अँड्रॉइडची सवय लागते आहे, तोच घे. संध्याकाळी परत धनंजय. आकांक्षा काय म्हणाली ते त्याला हवं होतं. मग परत आकांक्षा.

लहानपणी दोघं खिडकीच्या जागेवरून भांडायची. मी मध्ये बसायचे. आताही मध्येच बसायचं ठरवलं आहे. कोणाची बाजू घ्यायची नाही. माहिती गोळा करायची, मग निर्णय. हा निव्वळ तांत्रिक प्रश्न आहे.

एक वही केली. डावं पान अँड्रॉइड, उजवं आयफोन.

८ मार्च, शनिवार

बसस्टॉपजवळच्या हर्षाच्या मोबाइल दुकानात गेले. मुलगी हुशार आहे. फोन उलटा करून बघितला आणि म्हणाली, काकू, बॅटरी फुगून राह्यली, हा काही जास्त दिवस चालत नाही, आत काही कामाचं असंल तर आत्ताच काढून घ्या. दोन तास ठेवून जा म्हणाली, पेनड्राइव्हवर घेऊन देते.

दोन तास फोन कसा ठेवणार? धनंजय फोन करतो. शिवाय दुकानात कोणी ना कोणी बसलेलं असतं. आणि दोनदा उतरवण्यापेक्षा नवीन फोनवर एकदाच उतरवलेलं बरं. तिला तसं सांगितलं. तिनं मान हलवली.

९ मार्च, रविवार

धनंजयला विचारलं, आयफोनमध्ये बोलणं आपोआप भरून राहतं का? तो म्हणाला, तसं नाही, रेकॉर्डिंग करायचं तर समोरच्याला आधी कळतं. मला ते बरं वाटलं. सभ्य आहे. उजव्या पानाला एक गुण. आकांक्षाला विचारलं तर म्हणाली, नवीन अँड्रॉइडमध्येही आता कळतं. डाव्या पानाला एक गुण.

पण जुनी रेकॉर्डिंग आयफोनवर जातात की नाही, ते धनंजयला नक्की माहीत नाही. विचारून सांगतो म्हणाला. रात्री सांगितलं नाही. म्हणून मी केला. त्याने उचलला, पण मीटिंगमध्ये होता.

खात्यावरचा आकडा पाहिला. २००. व्यवस्थित आहे.

१३ मार्च, होळी

पुरण घातलं, एकटीपुरतं. शेजारच्या प्रमिलाबाई आल्या. त्यांना आयफोन आणि अँड्रॉइडमधला फरक समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, मले तर हिरवं बटन दाबता येते, बस. मी म्हटलं, असं कसं, आपण शिकलं पाहिजे.

मी अटी आणि शर्ती पूर्ण वाचल्या आहेत. दोन्हीकडच्या. चष्मा पुसत पुसत तीन दिवस लागले. जाममध्ये असं करणारी मी पहिलीच असेन. कळलं फारसं नाही, पण सही करण्याआधी वाचावं, हे यांचं म्हणणं होतं आणि ते स्वतः कधीच वाचायचे नाहीत.

१७ मार्च

वहीत डावीकडे अकरा गुण, उजवीकडे अकरा.

आता दिवसाला सहा-सात फोन होतात. पूर्वी आठवड्याला दोन व्हायचे. धनंजय म्हणतो, आई, तू आता बोलतेस. मी म्हटलं, विषय आहे म्हणून बोलते.

२२ मार्च

निर्णय: पाडव्याला घ्यायचा. मुहूर्त चांगला आहे, दुकानात माल नवीन आलेला असतो. कुठला घ्यायचा ते पाडव्याच्या आदल्या दिवशी ठरवायचं. तोपर्यंत चौकशी पूर्ण करायची. नात्यातले, ओळखीचे, ज्यांच्याकडे जो फोन आहे त्यांना विचारायचं. यादी केली, बावीस नावं.

२०० आहेत. रोज सकाळी बघते. एकही कमी झालेला नाही. खातं उघडत नाही, उगीच बोट लागायचं आणि पुसून जायचं. मी या बाबतीत फार जपून आहे.

२६ मार्च

यादीतले सोळा झाले. नऊ जण म्हणाले अँड्रॉइड. चार म्हणाले आयफोन. दोघांनी आधी विचारलं, तब्येत कशी आहे, आणि मग बराच वेळ तेच चाललं. एकीनं विचारलं, मधुकररावांच्या दुकानाचं काय करणार. मी म्हटलं, आधी फोनचं ठरू द्या.

२९ मार्च

उद्या पाडवा. विचार करायला बसले. डोकं काही चालत नाही. रिकामं आहे असंही नाही. पावसात भिजलेली चादर दोरीवर असते तसं जड, आणि हलत नाही.

आयफोन घेतला तर धनंजयचा मान राहतो. अँड्रॉइड घेतला तर आकांक्षाचा. दोन्हीकडे यांचा हा फोन कपाटात परत जातो. पण त्याचा निर्णयाशी संबंध नाही. वहीत त्यासाठी रकाना नाही.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. पाडव्याचे फोन आले, मीही केले. दिवसभर फोनच. संध्याकाळी हर्षाच्या दुकानात फार गर्दी असेल म्हणून गेले नाही. गर्दीत घेतलेली वस्तू नीट बघून होत नाही.

रामनवमीला घेईन.

५ एप्रिल, शनिवार

धनंजयने न विचारता आयफोन पाठवून दिला. कुरिअरवाला दारात सही घेऊन गेला. खोकं छान आहे, पांढरं. उघडलं नाही. उघडलं की ठरल्यासारखं होतं. आकांक्षाला कळवलं तर म्हणाली, म्हणजे दादाच जिंकला. मी म्हटलं, कोणी जिंकलं नाही. ती म्हणाली, आई, बाबांच्या फोनमध्ये काही आहे का?

मी म्हटलं, काही नाही, दुकानाचे जुने कॉल.

६ एप्रिल, रामनवमी

सकाळी फोनची पाठ उचकटलेली दिसली. बॅटरीने झाकण वर ढकललं आहे. रबर लावून ठेवला. २०० आहेत.

मंगळवारी हर्षाकडे जायचं ते पक्कं. आयफोनवर जात असतील तर आयफोन. नसतील तर अँड्रॉइड. इतकं साधं होतं. उगीच बावीस जणांना विचारलं.

८ एप्रिल, मंगळवार

सकाळी निघण्याआधी हर्षाला फोन केला, दुकान उघडलं का म्हणून. उघडलं म्हणाली. चालत गेले.

रबर काढून फोन तिच्या हातात दिला, पांढरं खोकं शेजारी ठेवलं. म्हटलं, दोनशे कॉल आहेत, काकांचे, ते यात जातील का बघ. तिनं खातं उघडलं. बराच वेळ बोटानं खाली खाली जात राहिली. मग स्टूल ओढून माझ्या बाजूला बसली.

म्हणाली, "काकू, हे तर सगळे तुमचेच फोन हायेत."

मी म्हटलं, नीट बघ, दोनशे आहेत. ती म्हणाली, दोनशेच राहतात. काकांनी तसंच लावून ठेवलं होतं, फोन भरून नाही जावा म्हणून. दोनशेच्या वर नवीन एक आला की सगळ्यात जुना एक जातो. ती हे फार हळू बोलली. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला नंतर ये म्हणून सांगितलं.

म्हणजे मी धनंजयला आयफोनबद्दल विचारलं तेव्हा एक गेला. आकांक्षाला अँड्रॉइडबद्दल विचारलं तेव्हा एक. यादीतल्या लोकांनी तब्येत विचारली तेव्हा एकेक. होळी, पाडवा. पाच आठवडे. आकडा रोज बरोबर होता.

विचारलं, काहीच नाही? ती म्हणाली, एक आहे. अगदी तळाशी. १९ जानेवारी, नऊ पंचेचाळीस. केळझरचे पुंडलिकराव. आल्या-गेल्या कॉलची नुसती यादी असते, तीही तिनं दाखवली. त्याच्या आधीचा कॉल नऊ पंधरा, घर. त्यात आवाज नसतो, फक्त वेळ.

तो नऊ पंधराचा आवाज आज सकाळपर्यंत असणार. दुकान उघडलं का म्हणून मी विचारलं, तोवर.

हर्षाने हे ताडलं की नाही, कळलं नाही. मी बोलले नाही. तिलाच केलेला फोन होता, तिला उगीच वाटत राहील.

तिनं आधी ते आपोआप भरणं बंद केलं, मग तो एक कॉल पेनड्राइव्हवर घेतला. मग विचारलं, लावू का? मी म्हटलं, लाव.

स्पीकर फाटका नव्हता. स्वच्छ ऐकू आलं. पुंडलिकराव म्हणत होते, पंख्याचा पट्टा तुटला, जुन्या मॉडेलचा आहे, कुठंच मिळून नाई राह्यला. मग हे बोलले.

"हाव, हाये ना. एकच हाये. तुमच्या नावानं राखून ठेवतो. दुपारून येजा."

पुंडलिकराव म्हणाले, नक्की ना, नाई तर दुसऱ्याले देसान. हे म्हणाले, "नाव लिहून ठेवतो म्हटलं ना, भाऊ."

मग मागे ट्रकचा हॉर्न, आणि संपलं. चौतीस सेकंद.

मला रडू आलं नाही. हर्षाने पाणी दिलं ते प्याले. तिनं विचारलं, मग कोणता चालू करून देऊ? मी म्हटलं, राहू दे. खोकं घेऊन घरी आले. वही उघडली, दोन्ही पानं वाचली आणि मिटवली.

९ एप्रिल, बुधवार

दुकानाची किल्ली देवघरात होती. शटर प्रमिलाबाईंच्या मदतीने उचललं. आत धूळ, ग्रीसचा वास. कॅलेंडर जानेवारीचं. भिंतीवरच्या तिसऱ्या खिळ्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेला पट्टा होता. वर चिठ्ठी बांधलेली. निळ्या पेनाने, यांच्या मोठ्या अक्षरात: पुंडलिकराव, केळझर.

प्रमिलाबाईंनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, न्यायला यायचे राहिले.

धनंजयचे दोन फोन आले. उचलले नाहीत. आता उचलले असते तरी काही गेलं नसतं. तरी नाही उचलले.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी वर्ध्याची बस धरली, तिथून केळझरची. पुंडलिकरावांचं घर गणपतीच्या देवळाच्या वाटेवर विचारत गेले. ते मला ओळखत नव्हते. चिठ्ठी दाखवली तेव्हा खाली बसले. त्या दिवशी दुपारी ते जामला आले होते. चौकात कळलं आणि तसेच परत गेले. म्हणाले, अशा वेळी पट्टा कसा मागावा, बाई.

ट्रॅक्टर त्यांनी मागच्या दसऱ्यालाच विकला. पट्टा तरी ठेवून घेतला. गोठ्यात खिळ्याला टांगला, चिठ्ठीसकट. सुनेने चहा केला, तो प्याले.

घरी परत आले. मोटर लावली. टाकी भरेपर्यंत पायरीवर बसले. भरल्यावर बंद केली.